सूफी कविता आणि कट्टर इस्लाम: भांडण खरंच दोन छावण्यांचं आहे का?

२२ जून २०१६. रमझानचा महिना. कराचीच्या लियाकताबाद भागातून कव्वाल अमजद साबरी आपल्या गाडीतून निघाले होते. मोटारसायकलवरून आलेल्या हल्लेखोरांनी गाडी गाठली आणि जवळून गोळ्या झाडल्या. साबरी वाचले नाहीत. पाकिस्तानी तालिबानच्या एका गटाने हत्येची जबाबदारी घेतली आणि कारण दिलं ईशनिंदेचं.

अमजद हे 'साबरी ब्रदर्स'पैकी गुलाम फरीद साबरी यांचे चिरंजीव. भारतात हे नाव कुणाला चटकन आठवत नसेल, पण २०१५ मध्ये 'बजरंगी भाईजान'मधल्या कव्वालीवरून झालेला वाद आठवत असेल. आपल्या घराण्याची कव्वाली परवानगीशिवाय वापरल्याची तक्रार अमजद यांनीच केली होती. दुसऱ्या वर्षी त्यांच्या अंत्ययात्रेला कराचीचे रस्ते माणसांनी भरून गेले होते.

या हत्येनंतर जगभरातल्या माध्यमांनी एक सोपी मांडणी केली. एका बाजूला प्रेमाची भाषा बोलणारे, गाणारे, नाचणारे सूफी. दुसऱ्या बाजूला संगीत, मजार आणि कविता यांचा द्वेष करणारे कट्टरपंथी. मधे काही नाही. भारतातही आपण याच चष्म्यातून बघतो. कव्वाली ऐकली की 'हा खरा इस्लाम' म्हणायचं आणि फतव्याची बातमी आली की 'तो दुसरा'.

ही मांडणी ऐकायला बरी वाटते. पण तिने बऱ्याच गोष्टींचा उलगडा होत नाही. उदाहरणार्थ, हत्येच्या दोन वर्षं आधी, २०१४ मध्ये, साबरी यांचं नाव ईशनिंदेच्या एका प्रकरणात आलं होतं. टीव्हीवरच्या सकाळच्या कार्यक्रमात वाजलेल्या कव्वालीत पैगंबरांच्या कुटुंबीयांचा उल्लेख होता, तो अवमानकारक असल्याची तक्रार होती. इस्लामाबाद हायकोर्टाने त्यावरून दोन वाहिन्यांना नोटीसही बजावली होती. म्हणजे हा आक्षेप डोंगरात लपलेल्या तालिबानने पहिल्यांदा घेतला नव्हता. तो आधीच कोर्टाच्या पायरीवर पोहोचला होता.

मग हे भांडण नेमकं कुणाचं आणि कशावरून आहे?

'अनल हक' एवढं का झोंबलं?

मराठी वाचकासाठी इथे एक अडचण आहे. 'अहं ब्रह्मास्मि' आपल्या कानावरून इतक्या वेळा गेलेलं असतं की जीव आणि ईश्वर एकच आहेत, असं कुणी म्हटलं तर आपण दचकत नाही. वारकरी परंपरेत तर भक्त देवाशी भांडतो, रुसतो, त्याला बोल लावतो.

इस्लामचा पाया मात्र 'तौहीद' हा आहे. ईश्वर एक आहे, तो निर्माता आहे आणि बाकी सगळी त्याची निर्मिती. या दोहोंमधली रेघ पुसणं किंवा ईश्वराच्या जोडीला दुसऱ्या कुणाला बसवणं म्हणजे 'शिर्क', सगळ्यात मोठं पाप. त्यामुळे दहाव्या शतकात बगदादच्या मन्सूर अल-हल्लाज यांनी 'अनल हक', म्हणजे 'मीच सत्य', असं म्हटल्याचं लोकांच्या कानावर आलं तेव्हा ते हादरले. 'हक' हे ईश्वराच्याच नावांपैकी एक. ऐकणाऱ्याने काय समजायचं? हा माणूस स्वतःला देव म्हणवतोय, की याचा 'मी' उरलेलाच नाही आणि आतून दुसरंच कुणी बोलतंय?

इसवी सन ९२२ मध्ये हल्लाज यांना बगदादमध्ये अत्यंत क्रूरपणे ठार मारण्यात आलं. पुढच्या हजार वर्षांच्या फारसी, तुर्की, सिंधी, पंजाबी आणि उर्दू कवितेत मन्सूर आणि त्याचा सूळ पुन्हा पुन्हा येत राहिला. प्रेमासाठी जीव देणारा तो पहिला, अशी त्याची प्रतिमा तयार झाली.

इतिहास मात्र जरा गुंतागुंतीचा आहे. हल्लाज यांच्यावर जो निर्णायक आरोप ठेवला गेला, तो 'अनल हक'चा नव्हता. ज्याला मक्केला जाणं शक्य नाही, त्याने घरीच काही विधी केले तर ते हजच्या बरोबरीचं ठरेल, असं त्यांनी लिहिल्याचा तो आरोप होता. शिवाय त्या वेळी अब्बासी दरबारात वजिरांच्या गटांत रस्सीखेच सुरू होती आणि हल्लाज यांचे पाठीराखे त्यातल्या एका बाजूला होते. खटला नऊ-दहा वर्षं रेंगाळला आणि निकाल लागला तो राजकारणाने कूस बदलल्यावर.

आणखी एक तपशील सहसा सांगितला जात नाही. हल्लाज यांच्यावर नाराज असलेल्यांमध्ये स्वतः सूफीही होते. बगदादचे जुनैद हे त्या काळातले सर्वांत मान्यवर सूफी. त्यांचा मार्ग शुद्धीत राहण्याचा, 'सहव'चा. ईश्वराच्या प्रेमात भान हरपणं, 'सुक्र', ही वाटेवरची एक अवस्था आहे, पण तिथेच थांबून चारचौघांत बडबडणं हा कच्चेपणा, असं ही परंपरा मानते. म्हणजे पहिला मोठा तंटा सूफी आणि मौलवी यांच्यात होता तितकाच तो सूफींच्या आपापसातही होता: अनुभव आला असेल, पण तो बोलायचा का? कुणासमोर? कुठल्या शब्दांत?

मद्य, प्रेयसी आणि ढोंगी शेख

कवितेने या प्रश्नावर एक तोडगा काढला. उघडपणे म्हणता येत नाही ते रूपकात म्हणायचं. दारू म्हणजे ईश्वरप्रेमाची नशा, साकी म्हणजे गुरू, प्रेयसी म्हणजे परमेश्वर, मयखाना म्हणजे साधकांची बैठक. आणि मशिदीत बसून लोकांना दम देणारा शेख किंवा उपदेशक म्हणजे आतून पोकळ, बाहेरून कर्मठ माणूस.

हे रूपक इतकं रुळलं की ज्यांनी आयुष्यात थेंबभर दारू घेतली नाही असे धर्मपंडितही मयखान्यावर गझला लिहू लागले. मुंबईतल्या मुशायऱ्यात आजही शेखजींची टर उडवणाऱ्या शेराला सर्वांत जोरात दाद मिळते, आणि ती देणाऱ्यांत पाच वेळा नमाज पढणारेही असतात.

पण रूपकाची एक गंमत असते, ते दोन्ही बाजूंनी वाचता येतं. प्रत्येक ओळीच्या मागे 'म्हणजे तसं नाही हो' असं सांगायला कवी उभा राहू शकत नाही. कुराणातल्या 'शुअरा', म्हणजे कवी, याच नावाच्या सूरेच्या शेवटी कवींबद्दल सावध केलं आहे. ते रानोमाळ भटकतात, जे करत नाहीत ते बोलतात, असा त्याचा आशय. लगेच पुढे श्रद्धावान आणि सत्कर्मी कवींचा अपवादही केला आहे. कवितेवर आक्षेप घेणारे पहिला भाग सांगतात, बाजू घेणारे दुसरा. दोघांकडेही आधार आहे.

तेच संगीताचं. सूफी बैठकीतल्या गायनाला 'समा' म्हणतात. अकराव्या शतकाच्या अखेरीस बगदादच्या निजामिया मदरशाची मानाची गादी सोडून निघालेल्या इमाम गझाली यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात समावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यांची भूमिका थोडक्यात अशी: गाणं माणसाच्या मनात आधीच जे आहे ते वर आणतं. मनात वासना असेल तर वासना, ईश्वर असेल तर ईश्वर. म्हणून अटींसह परवानगी. दुसरीकडे अनेक फकीह, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, वाद्यं निषिद्धच मानत राहिले.

आणि मौलवींवर टीका करणारे हे कवी स्वतः कोण होते? तेराव्या शतकातले मौलाना रूमी हे कोन्यातल्या मदरशात वडिलांच्या जागी शिकवणारे धर्मपंडित होते. आज इन्स्टाग्रामवर त्यांच्या नावाने फिरणाऱ्या इंग्रजी ओळींत ना पैगंबर असतात ना कुराण. अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या भाषांतरांत हे संदर्भ बरेचसे गळून गेले आहेत. धर्म वगळलेला रूमी विकायला सोपा, पण तो रूमी नाही.

उलट बाजूनेही हेच. दमास्कसचे इब्न तैमिया (१२६३ ते १३२८) हे आजच्या सलफी विचाराचे आधारस्तंभ मानले जातात. 'वहदतुल वुजूद', म्हणजे अस्तित्व एकच आहे, या इब्न अरबी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्धांतावर त्यांनी कडाडून हल्ला केला. पण त्याच इब्न तैमियांनी सूफी संत अब्दुल कादिर जिलानी यांच्या ग्रंथावर आदराने भाष्य लिहिलं आहे. त्यांचा विरोध सरसकट सूफी मार्गाला नव्हता, एका विशिष्ट दाव्याला होता.

दिल्लीतला खटला आणि खुलताबादची कबर

भारतात हा वाद लवकरच येऊन पोहोचला. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान गियासुद्दीन तुघलक याच्यासमोर हजरत निजामुद्दीन औलिया यांना समाच्या मुद्द्यावर उत्तर द्यायला बोलावण्यात आलं. दरबारी उलेमांनी गाण्याला हरकत घेतली, औलियांनी हदीसचे दाखले दिले. त्यांना शिक्षा झाली नाही आणि समा चालू राहिला. या प्रसंगात लक्षात घेण्याची बाब अशी की, औलियांनी 'मला शरियतशी देणंघेणं नाही' असा पवित्रा घेतला नाही. त्यांचा युक्तिवाद शरियतच्या आतूनच होता.

त्यांचेच शिष्य बुरहानुद्दीन गरीब दख्खनला आले. समाचे ते मोठे रसिक. त्यांची कबर खुलताबादला, वेरूळपासून अगदी जवळ. औलियांची संभाषणं टिपून ठेवणारे फारसी कवी अमीर हसन सिज्जी हेही खुलताबादलाच विसावले आहेत. महाराष्ट्रातल्या या छोट्याशा गावात सूफी साहित्याच्या इतिहासाचा एवढा मोठा तुकडा पडून आहे, हे वेरूळची लेणी बघून परतणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे.

खुलताबाद अलीकडे चर्चेत आलं ते दुसऱ्याच कबरीमुळे. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर वातावरण तापलं आणि नागपुरात हिंसाचार झाला. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला: १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावलेल्या बादशहाला खुलताबादला का पुरलं?

कारण ती त्याचीच इच्छा होती. चिश्ती परंपरेतले सूफी जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याला जागा हवी होती. आणि हाच तो औरंगजेब, ज्याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला दिल्लीत सरमद या सूफी कवीचा शिरच्छेद झाला. सरमद मूळचा इराणकडून आलेला ज्यू व्यापारी. सिंधमधल्या ठठ्ठ्यात तो प्रेमात पडला, सगळं सोडून नग्न फिरू लागला, फारसी रुबाया लिहू लागला. नग्नता आणि कलमा अर्धवटच म्हणणं, असे आक्षेप त्याच्यावर होते. तो दारा शुकोहच्या जवळचा होता, हे कारणही इतिहासकार तितकंच महत्त्वाचं मानतात. दिल्लीच्या जामा मशिदीजवळ त्याची मजार आहे आणि तिथे आजही लोक जातात.

एका सूफीला मारणारा बादशहा दुसऱ्या सूफीच्या पायाशी चिरविश्रांती मागतो. 'सूफी विरुद्ध कट्टर' या चौकटीत हे बसवून दाखवणं अवघड आहे.

देवबंद, बरेली आणि एक मोठा गैरसमज

उपखंडातल्या आजच्या वादाची मुळं एकोणिसाव्या शतकात आहेत. १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा सुरू झाला. मजारीवरचे नवस, उरूस, चादरी यांतल्या अनेक प्रथांवर देवबंदी उलेमांनी टीका केली. तरीही मदरशाचे संस्थापक स्वतः चिश्ती-साबिरी परंपरेतले हाजी इमदादुल्ला यांचे मुरीद होते. 'साबरी ब्रदर्स'च्या नावातला साबरी जिथून येतो, तीच ही परंपरा.

याच्या विरोधात बरेलीचे अहमद रझा खान (१८५६ ते १९२१) उभे राहिले. पैगंबरांवरचं आत्यंतिक प्रेम, संतांचा मान, दर्गे यांचं त्यांनी समर्थन केलं. म्हणून त्यांचे अनुयायी, म्हणजे बरेलवी, हे 'सूफी, सहिष्णू' आणि देवबंदी 'कट्टर', असं समीकरण वर्तमानपत्रांत रूढ झालं. पण वाद्यांसह होणारी कव्वाली अहमद रझा खान यांनाही मान्य नव्हती. स्त्रियांनी मजारीवर जाण्यालाही त्यांचा विरोध होता.

मुंबईतल्या हाजी अली दर्ग्याचा खटला आठवून पाहा. २०११-१२ च्या सुमारास दर्ग्याच्या गाभ्यात महिलांना जाण्यास मनाई झाली. ट्रस्टचा एक युक्तिवाद असा होता की, पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रीने जाणं इस्लाममध्ये पाप आहे. बॉम्बे हायकोर्टाने ऑगस्ट २०१६ मध्ये ही बंदी उठवली आणि पुढे ट्रस्टनेही सुप्रीम कोर्टात प्रवेश द्यायची तयारी दाखवली. सूफी संताच्या दर्ग्याच्या वतीने कर्मठ धर्मशास्त्र मांडलं जात होतं आणि मुस्लिम महिला घटनेचा आधार घेत होत्या. बाहेरून कुणी सलफी आला नव्हता.

बॉम्ब, आणि मग गुलाबाच्या पाकळ्या

पाकिस्तानात २००९ ते २०१७ या काळात दर्ग्यांवर हल्ल्यांची मालिकाच झाली. मार्च २००९ मध्ये पेशावरजवळ पश्तू कवी रहमान बाबा यांची मजार उडवण्यात आली. जुलै २०१० मध्ये लाहोरच्या दाता दरबारवर आत्मघाती हल्ला, ४० हून अधिक ठार. नोव्हेंबर २०१६ मध्ये बलुचिस्तानात शाह नूरानी यांच्या दर्ग्यात ५० हून अधिक. आणि १६ फेब्रुवारी २०१७ ला, गुरुवारी संध्याकाळी, सिंधमध्ये सेहवानला लाल शहबाज कलंदर यांच्या दर्ग्यात ऐन धमालच्या वेळी स्फोट. ८० हून अधिक लोक गेले. जबाबदारी 'इस्लामिक स्टेट'ने घेतली.

यातल्या दाता दरबारचा विरोधाभास बोचणारा आहे. तिथे ज्यांची मजार आहे त्या अली हुजवेरी यांनी अकराव्या शतकात फारसीत सूफी मार्गावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ते शरियतबद्दल काटेकोर आहेत आणि नाचण्याला धर्मात आधार नाही असंही बजावतात. त्यांच्या मजारीवर बॉम्ब लावणाऱ्यांनी तो वाचला होता असं वाटत नाही.

इथपर्यंत सोपी मांडणी टिकते: मारणारे सलफी-जिहादी किंवा तालिबानी, मरणारे दर्ग्याचे भाविक. पण त्याच काळात आणखी काही घडत होतं.

४ जानेवारी २०११ ला पंजाब प्रांताचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच सुरक्षारक्षकाने, मुमताज कादरीने, इस्लामाबादमध्ये गोळ्या घालून ठार केलं. ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेल्या आसिया बीबी या ख्रिस्ती महिलेची बाजू तासीर यांनी घेतली होती. कादरी तालिबानी नव्हता. तो बरेलवी होता, संतांना मानणारा, पैगंबरांची स्तुतिगीतं गाणारा. कोर्टात आणलं तेव्हा काही वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. तासीर यांच्यासाठी शोक करू नका, असं आवाहन ५०० हून अधिक बरेलवी मौलवींनी केलं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये कादरीला फाशी झाली. त्यानंतर इस्लामाबादजवळ बारा कहू इथे त्याची कबर बांधली गेली. तिची मजार झाली, उरूस भरू लागला, लोक दुआ मागू लागले. सूफी परंपरेतला प्रत्येक विधी तिथे होतो, फक्त मधोमध एक मारेकरी आहे.

कादरीच्या सुटकेच्या मागणीतून उभी राहिलेली संघटना म्हणजे तहरीक-ए-लब्बैक पाकिस्तान. तिचे नेते खादिम हुसेन रिझवी भाषणांत इक्बाल यांच्या उर्दू-फारसी ओळी धडाधड म्हणायचे. २०१७ मध्ये या संघटनेने इस्लामाबादचं प्रवेशद्वार तीन आठवडे अडवून कायदामंत्र्यांना राजीनामा द्यायला लावला. २०१८ च्या निवडणुकीत तिला २२ लाखांहून जास्त मतं पडली. एप्रिल २०२१ मध्ये तिच्यावर बंदी आली, नोव्हेंबरमध्ये उठली, ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा आली.

म्हणजे ज्या दशकात पाश्चात्त्य अभ्यासगट 'अतिरेकाला उतारा म्हणून सूफींना बळ द्या' असं सुचवत होते आणि मुशर्रफ सरकार २००६ मध्ये सूफी विचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय परिषद नेमत होतं, त्याच दशकात सूफी प्रतीकं वापरणारा एक हिंसक प्रवाह जमिनीखाली वाढत होता. सरकारांनी कवितेकडे औषध म्हणून पाहिलं. कविता गाणाऱ्याच्या हातात कायदा, मशीद आणि जमाव कुणाचा आहे, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

इराण आणि तुर्कस्तानात वेगळंच

हा गुंता फक्त उपखंडाचा नाही. इराणच्या इस्लामी क्रांतीचे नेते आयातुल्ला खोमेनी यांच्या निधनानंतर, १९८९ मध्ये, त्यांच्या गझला प्रसिद्ध झाल्या. त्यांत मयखाना आणि प्रेयसी दोन्ही आहेत. त्याच वर्षी गोर्बाचेव्ह यांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी इब्न अरबी वाचायचा सल्ला दिला होता. पण त्यांनी उभ्या केलेल्या राजवटीत गोनाबादी दरवेशांची प्रार्थनास्थळं पाडली गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेहरानमधल्या चकमकीनंतर शेकडो दरवेशांना अटक झाली. धर्मगुरूने लिहिलेला गूढवाद चालतो, सरकारबाहेर संघटित झालेला चालत नाही.

तुर्कस्तानात तर १९२५ मध्ये सूफी मठ बंद केले ते मौलवींनी नव्हे, अतातुर्क यांच्या धर्मनिरपेक्ष सरकारने. कोन्यात रूमींच्या नावाने गिरक्या घेणारे दरवेश आज पर्यटकांना दिसतात, ती परवानगी काही दशकांनी सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून मिळाली.

सांगायचा अधिकार कुणाला?

हल्लाज, सरमद आणि साबरी यांना एका ओळीत उभं केलं की प्रत्येक वेळी दोन गोष्टी दिसतात. कुणीतरी 'धर्म काय म्हणतो' हे ठरवायच्या खुर्चीवर बसलेलं असतं, आणि त्या खुर्चीच्या बाहेरून कुणीतरी 'मला ईश्वर थेट भेटला' असं गाऊन सांगतं. अडचण त्या 'थेट' शब्दाची आहे. ईश्वर थेट भेटत असेल तर मधल्या माणसाचं काम काय?

पंजाबी कवी बुल्ले शाह (सुमारे १६८० ते १७५७) यांनी हा प्रश्न बोलीभाषेत विचारला, म्हणून तो जास्त लांब गेला. ते स्वतः सय्यद, पण गुरू केले भाजीपाला पिकवणाऱ्या अराईं जातीच्या शाह इनायत यांना. घरच्यांना ते रुचलं नाही. कसूरच्या मौलवींनी त्यांच्या जनाज्याची नमाज पढायला नकार दिला, अशी आख्यायिका पंजाबात घरोघरी सांगतात. आज त्याच कसूरमध्ये त्यांचा दर्गा आहे आणि तो सरकारच्या ताब्यात आहे. अयूब खान यांच्या राजवटीत १९५९ मध्ये वक्फ मालमत्तांचा अध्यादेश आला आणि मोठे दर्गे औकाफ खात्याकडे गेले. दानपेटीचा हिशेब आता सरकारी कारकून ठेवतो. बंडखोर कवीचं इतकं शांतपणे सरकारीकरण मौलवींनाही जमलं नसतं.

पाकिस्तानी दंडविधानाचं ईशनिंदेबद्दलचं कलम २९५-सी १९८६ मध्ये झिया-उल-हक यांच्या काळात आलं. पैगंबरांच्या अवमानाला त्यात मृत्युदंड आहे. या कायद्यात रूपकाला जागा नाही. ओळ एका अर्थाने अवमान आणि दुसऱ्या अर्थाने भक्ती असेल, तर ठरवणार कोण? आठशे वर्षं कवितेने जी संदिग्धता ढालीसारखी वापरली, तीच पोलीस ठाण्यात फिर्यादीच्या कामी येते. म्हणून आज पाकिस्तानात अनेक कव्वालांना भीती फक्त बंदुकीची नसते. कार्यक्रमाचा व्हिडिओ कापून कुणीतरी फिरवेल, याचीही असते.

भारतातल्या दर्ग्यांत कव्वाली अजून होते. पण 'सूफी' हा शब्द इथेही 'चांगला मुसलमान' या अर्थाने वापरण्याची सवय लागली आहे. ज्याला गाणं आवडत नाही असा साधा नमाजी माणूस त्यामुळे आपोआप संशयित ठरतो, आणि दर्ग्याच्या नावाने राजकारण करणारा आपोआप उदार. पाकिस्तानात तासीर यांच्या हत्येआधी नेमकं असंच गृहीत धरलं जात होतं.

सेहवानच्या स्फोटानंतर पोलिसांनी दर्गा बंद केला होता. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला तिथल्या सेवेकऱ्याने रोजच्यासारखी घंटा वाजवली. काही दिवसांतच नृत्यांगना शीमा किरमानी कराचीहून तिथे पोहोचल्या आणि त्यांनी दर्ग्याच्या आवारात धमाल केली. बघायला गर्दी होती. उल्हासनगरच्या सिंधी घरांत लाल शहबाज कलंदर यांना झूलेलाल म्हणून ओळखणाऱ्या कित्येकांनी तो व्हिडिओ फोनवर पाहिला असेल. सेहवानमध्ये त्यानंतरही गुरुवारी संध्याकाळी नगारे वाजतात, आणि आत जाण्याआधी प्रत्येकाची झडती होते.